‘मी स्टँडवर आहे’ हे इंग्रजीत कसं सांगाल?

तुळजापूरहून सुटलेली एसटी धाराशिवच्या स्टँडात शिरते. तुम्ही पिशवी सावरत उतरता आणि घरी फोन लावता, “मी स्टँडवर आहे, न्यायला या.” तुम्ही स्टँडच्या पत्र्यावर चढून बसला आहात, असं घरच्यांपैकी कोणाच्याही मनात येत नाही. ‘स्टँडवर’ म्हणजे काय ते मराठी कानाला पक्कं ठाऊक असतं.

हाच निरोप कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर इंग्रजीत टंकते, ‘आय ॲम ऑन द बस स्टँड’. वाक्यातले बाकी सगळे शब्द बरोबर आहेत. चुकला आहे तो फक्त दोन अक्षरांचा ‘ऑन’. तिथे हवा होता ‘ॲट’.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे या मुलीने बारा-तेरा वर्षं इंग्रजीचं पुस्तक उघडलेलं आहे. ‘आत म्हणजे इन, वर म्हणजे ऑन’ हेही तिने केव्हाच पाठ केलंय. तरी चूक झाली, कारण तिने पाठ केलेलं तंतोतंत वापरलं. पाठांतर पक्कं होतं, पण जी जोडी पाठ केली तीच कच्ची होती. ती कुठे कच्ची आहे, ते पाहू.

‘वर’ची तीन कामं, ‘ला’चीही तीन

इंग्रजीत जागा दाखवणाऱ्या ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ अशा शब्दांना प्रिपोझिशन म्हणतात. आपल्याकडे हे काम काही ठिकाणी विभक्तीचे प्रत्यय करतात (घरात, घरी) आणि काही ठिकाणी शब्दयोगी अव्ययं (टेबलावर, झाडाखाली). अडचण अशी की आपला एक शब्द इंग्रजीतल्या एकाच शब्दाचं काम करत नाही.

‘वर’ घ्या. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणताना पुस्तक टेबलाला टेकलेलं असतं, इंग्रजीत ‘ऑन’. ‘डोक्यावर पंखा फिरतोय’ म्हणताना पंखा डोक्याला टेकलेला नसतो, टेकला तर दवाखानाच गाठावा लागेल, इंग्रजीत ‘अबव्ह’. ‘मी स्टँडवर आहे’ यात टेकण्याचा किंवा उंचीचा संबंधच नाही, फक्त ठिकाण सांगायचंय, इंग्रजीत ‘ॲट’.

‘ला’ तर याहून कामसू. ‘मी धाराशिवला राहतो’, ‘मी धाराशिवला जातो’, ‘मी धाराशिवला उतरतो’. तिन्ही वाक्यांत आपला ‘ला’ एकच. इंग्रजी मात्र राहण्यासाठी ‘इन’ घेते, जाण्यासाठी ‘टू’ आणि गाडीतून उतरण्यासाठी ‘ॲट’.

ही काही मराठीची उणीव नव्हे. प्रत्येक भाषा जागेची वाटणी आपापल्या पद्धतीने करते, आणि त्यासाठी लांब जायला नको. १९४८पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शिक्षणात व कारभारात उर्दू होती. त्या उर्दूत घरी असलेल्या माणसाला ‘घर पर’ म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर तो घरावर बसलाय असं होईल! उमरग्याच्या पुढे गेलं की कर्नाटक लागतं. तिथल्या कन्नडात ‘घरी’ आणि ‘घरात’ या दोन्हींसाठी ‘अल्लि’ हा एकच प्रत्यय चालतो. दूरच्या स्पॅनिशमध्ये तर टेबलावर आणि पेटीत या दोन्हींसाठी ‘एन’ हा एकच शब्द पुरतो. वाटणीच वेगळी असल्यावर शब्दाला शब्द जोडून हिशेब जुळणार नाही. वाटणीमागचं तत्त्व समजून घ्यायला हवं.

आधी की मागून?

तत्त्वाकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट. आपला शब्द नामाच्या मागून येतो आणि नामाला चिकटतो. चिकटताना नामाचं रूपही बदलतो: टेबल, टेबला, टेबलावर. इंग्रजी शब्द नामाच्या आधी सुटा उभा राहतो, नामाला धक्का लावत नाही. ‘प्रिपोझिशन’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘आधी ठेवलेला’.

त्यामुळे मोठ्या वाक्यात सगळी उतरंडच उलटी होते. आपण म्हणतो, ‘टेबलावरच्या पिशवीतल्या वहीत’. आधी टेबल, मग पिशवी, शेवटी वही. इंग्रजी म्हणते, ‘इन द नोटबुक इन द बॅग ऑन द टेबल’. आधी वही, मग पिशवी, शेवटी टेबल. आपण बाहेरून आत जातो, इंग्रजी आतून बाहेर येते. असं वाक्य करताना शेवटच्या शब्दापासून सुरुवात करा, गाडी रुळावर येते.

टाचणी, फळी आणि कणगी

आता मूळ तत्त्व. इंग्रजी बोलणारा माणूस एखादी जागा सांगताना नकळत ठरवतो की आत्ता ही जागा आपण कशी पाहतोय. त्याच्याकडे मुख्य तीन चित्रं असतात.

पहिलं चित्र टाचणीचं. नकाशावर टाचणी टोचावी तशी जागा म्हणजे एक ठिपका. तिला आत-बाहेर नाही, वर-खाली नाही. इथे ‘ॲट’ येतो. स्टँडवर, फाट्यावर, गेटपाशी, लग्नात, बैठकीत: या सगळ्या ठिकाणी आपल्याला फक्त ‘कुठे भेटेल’ एवढंच सांगायचं असतं.

दुसरं चित्र फळीचं. जागा म्हणजे एक पृष्ठभाग किंवा एक रेघ, आणि वस्तू तिला लागून आहे. इथे ‘ऑन’ येतो. तव्यावर भाकरी, भिंतीवर पाल, छताला चिकटलेलं जळमट. पाल उलटी लटकली तरी ‘ऑन’च, कारण इथे उंचीला नाही तर स्पर्शाला महत्त्व आहे. रस्ता आणि नदी या रेघा, म्हणून रस्त्यालगतचं दुकान आणि नदीकाठचं गाव यांनाही ‘ऑन’च लागतो.

तिसरं चित्र कणगीचं. जागेला कड आहे, आत आहे आणि वस्तू त्या आत आहे. इथे ‘इन’ येतो. कणगीत ज्वारी, विहिरीत पाणी, खोलीत माणसं. कड भिंतीचीच असावी असं नाही. तालुक्याची हद्दही कडच असते, म्हणून तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात असं सांगताना ‘इन’.

एवढं लक्षात आलं की स्टँडचं कोडं सुटतं. घरच्यांना तुमच्या पायाखाली काय आहे याच्याशी घेणं नव्हतं, गाडी कुठे आणायची एवढंच हवं होतं. म्हणजे टाचणी, म्हणून ‘ॲट’.

एकच येरमाळा, तीन शब्द

‘मग कोणत्या जागेला कोणता शब्द, याची यादीच द्या’ असं कोणी म्हणेल. तशी यादी करता येत नाही. जागा तीच राहते, नजर बदलते.

येडेश्वरीचं येरमाळा पाहा. सोलापूर-धुळे महामार्गाची गोष्ट चालू असेल तर येरमाळा त्या मार्गावर आहे. मार्ग ही रेघ, म्हणून ‘येरमाळा इज ऑन द सोलापूर-धुळे हायवे’. बीडकडे जाणारी बस तिथे थांबते का, असा प्रश्न असेल तर येरमाळा हा प्रवासातला एक ठिपका, म्हणून ‘द बस स्टॉप्स ॲट येरमाळा’. आणि तुमची आत्या तिथे राहत असेल तर तिच्यासाठी ते ठिपका नव्हे. तिथे गल्ल्या आहेत, शेजारपाजार आहे, देऊळ आहे. ती गावाच्या आत राहते, म्हणून ‘माय आंट लिव्ह्ज इन येरमाळा’. गाव एक आणि शब्द तीन, तरी तिन्ही वाक्यं बरोबर.

टपालाच्या पत्त्यातही हीच नजर दडलेली आहे. आपण पाकिटावर ‘मु. पो. तेर, ता. जि. धाराशिव’ लिहितो. इंग्रजीत पत्ता लिहिताना ‘मु. पो.’च्या जागी आपल्याकडे ‘ॲट पोस्ट’ लिहायची रीत आहे. ही रीत भारतीय पत्त्यांतलीच, पण तिच्यामागचा विचार चोख आहे. टपालखात्याच्या दृष्टीने तेर म्हणजे पत्र पोहोचायचा एक ठिपका. संत गोरा कुंभारांचं तेर, प्राचीन व्यापारात ‘तगर’ म्हणून नावाजलेलं तेर, तेरणा नदीकाठचं तेर, हे सगळं पोस्टमनच्या लेखी गौण असतं. म्हणजे ‘ॲट’ आपल्या गावागावांत कितीतरी वर्षं वापरात आहे. तो काय करतो एवढंच आपण कधी पाहिलं नाही.

नळदुर्गला जाऊन पाहू

शब्दांची ही सगळी पलटण एकाच ठिकाणी पाहायची असेल तर पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला गाठावा. बोरी नदीच्या काठी असलेला हा किल्ला आणि शेजारचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. नदी भरली की पाणी बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ अशा दोन धारांनी खाली कोसळतं आणि आत महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो.

आता एकेक वाक्य इंग्रजीत मांडू. किल्ला बोरीच्या काठी आहे. नदी ही रेघ, म्हणून ‘ऑन द बोरी’. महाल बंधाऱ्याच्या पोटात आहे. कणगी, म्हणून ‘इन द डॅम’. पाणी बंधाऱ्याला ओलांडून पलीकडे पडतं. मराठीत इथे ‘वरून’, इंग्रजीत ‘ओव्हर द डॅम’. तुम्ही महालाच्या खिडकीशी उभे आहात. ठिपका, म्हणून ‘ॲट द विंडो’. खिडकीच्या कठड्यावर हात टेकला तर तो हात ‘ऑन’. आणि खाली दूरवर दिसणारं नदीचं पात्र ‘बिलो’.

खिडकीशी उभं राहणं म्हणजे ‘ॲट द विंडो’, हे जरा पुन्हा वाचा. आपला ‘शी’ इथे ‘ॲट’च्या शेजारी जाऊन बसला. दाराशी, टेबलाशी, पायथ्याशी, वेशीशी: इंग्रजीत सगळीकडे ‘ॲट’. ‘घरी’ आणि ‘घरात’ यांतला फरकही तोच. ‘बाबा घरी आहेत’ म्हणजे ठिपका, ‘ॲट होम’. ते अंगणात बाज टाकून बसले असले तरी घरीच असतात. ‘घरात साप शिरला’ म्हणताना मात्र आपण ‘घरी साप शिरला’ म्हणत नाही, कारण तिथे भिंती आणि आतली जागा महत्त्वाची. ठिपका आणि कणगी यांतला भेद आपण बोलायला लागलो तेव्हापासून पाळतोय. शाळेत तो भेद इंग्रजीला जोडून दाखवला जात नाही, एवढंच.

गळ्यात माळ, पायात चप्पल

काही ठिकाणी मात्र मराठी आणि इंग्रजी अगदी वेगळ्या वाटेने जातात. तुळजापूरच्या वाटेवर आराधीण दिसते. तिच्या कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, बोटात अंगठी, आणि नवसाची असेल तर पायात चप्पल नाही.

या वर्णनात ‘आत’चा ‘त’ चार वेळा आला. इंग्रजीत त्यांपैकी एकाच ठिकाणी ‘इन’ लागतो: परडी हातात धरली आहे, हाताची पकड म्हणजे कणगी, म्हणून ‘इन हर हँड’. माळ गळ्याभोवती आहे, म्हणून ‘राउंड हर नेक’. अंगठी बोटाला वरून लागून आहे, म्हणून ‘ऑन हर फिंगर’. चपलेचंही तसंच, ‘ऑन हर फीट’. कपाळावरच्या मळवटाला मात्र दोन्ही भाषांत ‘वर’.

खरं पाहता पाय चपलेत जातो, आणि आपण म्हणतो चप्पल पायात! इंग्रजी माणूस इथे फक्त स्पर्श बघतो. कोरियन भाषेची तऱ्हा आणखी निराळी. मेलिसा बोवरमन आणि सून्जा चोई या दोन अभ्यासिकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की कोरियन भाषेत एक क्रियापद ‘घट्ट बसवणं’ एवढंच पाहतं. बोटातली अंगठी, पेनाचं टोपण आणि घट्ट खोक्यात सरकवलेलं पुस्तक या सगळ्यांना ते एकच क्रियापद चालतं. आत की वर, हा प्रश्न तिथे मागेच पडतो. आराधिणीच्या बोटातली अंगठी जागची हलत नाही. तिच्याकडे बघणारी भाषा तेवढी बदलते.

एसटी, झाड आणि समोरची टपरी

जिथे मुलं हमखास अडतात अशा तीन जागा.

एसटीत बसल्यावर ‘ऑन द बस’, पण जीपमध्ये बसल्यावर ‘इन द जीप’. का? ज्या वाहनात उभं राहून चालता येतं ते इंग्रजी माणसाला फिरत्या ओट्यासारखं वाटतं: बस, रेल्वे, जहाज, विमान. जिथे अंग चोरून आत शिरावं लागतं ते वाहन म्हणजे डबा: मोटार, जीप, रिक्षा. मोटारसायकलवर तर आपणही ‘वर’च बसतो. बसला ‘इन’ लावला म्हणून आभाळ कोसळत नाही, पण प्रवासाबद्दल बोलताना ‘ऑन’ अधिक सहज वाटतो.

झाडावर माकड असेल तर ‘इन द ट्री’, आंबे असतील तर ‘ऑन द ट्री’. माकड फांद्यापानांच्या पसाऱ्यात शिरलेलं असतं, आंबा फांदीला लागलेला असतो. आपण दोघांनाही ‘झाडावर’च म्हणतो, म्हणून इथे जपून. उलट शेताच्या बाबतीत निर्धास्त राहा. ‘शेतावर कामाला’ म्हणजे ‘ऑन द फार्म’ आणि ‘शेतात पाणी साचलं’ म्हणजे ‘इन द फील्ड’. आपला कान इथे बरोबर सांगतो.

‘स्टँडसमोर’ हा तिसरा अडथळा. रस्त्यापलीकडे, स्टँडकडे तोंड करून असलेली चहाची टपरी इंग्रजीत ‘ऑपोझिट द बस स्टँड’. रस्त्याच्या अलीकडेच, स्टँडच्या तोंडाशी उभी असलेली रिक्षा ‘इन फ्रंट ऑफ द बस स्टँड’. मध्ये रस्ता आला की ‘ऑपोझिट’ हे ध्यानात ठेवलं की भागतं.

जिथे काहीच लावायचं नाही

काही क्रियापदांच्या पोटातच जागा असते. तिथे वेगळा शब्द जोडला की तो जास्तीचा होतो. ‘मी तुळजापूरला पोहोचलो’ म्हणताना आपला ‘ला’ मनात घोळतो आणि हातून ‘रीच्ड टू’ किंवा ‘रीच्ड ॲट’ लिहिलं जातं. बरोबर आहे फक्त ‘आय रीच्ड तुळजापूर’. ‘वर्गात शिरलो’साठी ‘एंटर्ड द क्लासरूम’, मध्ये ‘इन’ नको. ‘घरी गेलो’साठी ‘वेंट होम’, तिथे ‘टू’ नको. ‘अराइव्ह’ला मात्र शब्द लागतो: गावात आलो तर ‘इन’, स्टेशनवर आलो तर ‘ॲट’.

आणखी एक बारकावा. ‘विहिरीत पोहतो’ आणि ‘विहिरीत उडी मारतो’ या दोन्हींत आपला ‘त’ एकच. पोहणारा आधीपासून आतच आहे, म्हणून ‘इन द वेल’. उडी मारणारा बाहेरून आत जातो, म्हणून ‘इंटू द वेल’. हालचाल असेल तिथे हा फरक दाखवलेला बरा.

चौकट: लिहिण्याआधी स्वतःला विचारा

• फक्त ठिकाण सांगायचंय? ठिपका, ‘ॲट’: स्टँडवर, फाट्यावर, दाराशी, घरी, लग्नात.
• वस्तू टेकलेली किंवा लागून आहे? किंवा जागा म्हणजे रेघ आहे? ‘ऑन’: भिंतीवर, पहिल्या मजल्यावर, महामार्गावर, नदीकाठी, बोटात अंगठी.
• कड आहे आणि आपण तिच्या आत आहोत? ‘इन’: खोलीत, गल्लीत, गावात, जिल्ह्यात, फोटोत, उन्हात.
• वर आहे पण टेकलेलं नाही? ‘अबव्ह’. ओलांडून पलीकडे जातंय? ‘ओव्हर’.
• बाहेरून आत जातंय? ‘इंटू’.
• दोहोंच्या मध्ये? ‘बिट्वीन’: सोलापूर आणि धाराशिव यांच्या मध्ये तुळजापूर.
• ‘रीच’, ‘एंटर’ आणि ‘गो होम’ यांच्यापुढे काही नाही.

नियम एवढे नेटके असले तरी अपवाद राहतातच. ‘रस्त्यात’ म्हणायला इंग्लंडचा माणूस ‘इन द स्ट्रीट’ म्हणतो आणि अमेरिकेचा ‘ऑन द स्ट्रीट’. त्यांच्यातच एकमत नाही, तर आपण अशा जागी अडखळलो म्हणून लाज वाटायचं कारण नाही.

शिक्षकांना एक विनंती. ‘मध्ये म्हणजे इन, वर म्हणजे ऑन’ ही फळ्यावरची यादी पुसा. मुलांना शाळेच्या आवारात न्या. फाटकापाशी उभं करा, पायरीवर बसवा, वर्गात पाठवा, निंबाच्या झाडाखाली आणा, आणि प्रत्येक वेळी विचारा: ही जागा आत्ता तुला ठिपका दिसते, फळी दिसते की कणगी? मुलांनी उत्तर आधी मराठीत द्यावं. इंग्रजी शब्द त्यानंतर सांगावा.